गृहीतमध्य आणि कापलेला एक गुण

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘आकड्यांचे संकेतीकरण आणि सहसंबंध’. संकेतीकरण म्हणजे सगळ्या आकड्यांतून एकच संख्या वजा करून किंवा एकाच संख्येने भागून ते हलके करणं; सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते. घाबरू नका, दहावीला गृहीतमध्य पद्धत, म्हणजे सोयीचा आकडा सरासरी म्हणून धरून नुसत्या फरकांचा हिशेब करणं, सगळ्यांनी केली आहे. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. कांद्याची गोणी काट्यावर चढली की तोलणारा पूर्ण वजन सांगायचाच नाही. पन्नास किलो धरलेलेच असायचे. तो नुसता ओरडायचा, ‘दोन वर’, ‘एक खाली’, ‘तीन वर’, ‘बरोब्बर’, ‘दोन खाली’. वडिलांचा हिशेब तोंडी: वर पाच, खाली तीन, उरले दोन, पाच गोण्यांत वाटले की चारशे ग्रॅम. सरासरी 50.4 किलो. तोवर पुढची गोणी काट्यावर.

पुढे शाळेत हेच फळ्यावर आलं तेव्हा मी खूश. चाचणीत सरळ 50 गृहीत धरले. आकड्यांच्या कोणत्याच वर्गाचा, म्हणजे गटाचा, मध्य 50 नव्हता, पण मला सवय पन्नासची. उत्तर बरोबर आलं आणि एक गुण कापला गेला. शेरा होता, ‘गृहीतमध्य मधल्या वर्गाचाच घ्यावा.’ अहो, मधला घेतला की आकडेमोड हलकी होते, एवढंच! जे वजा केलं ते शेवटी परत मिळवायचंच असतं. तुमच्या स्कूटरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्या, सरासरी तीच येणार. चाळीस वर्षं झाली, तो गुण मला अजून मिळालेला नाही. (हशा)

आता प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. त्याला तुम्ही काय वजा केलंत याचं सोयरसुतक नाही. सगळ्या गोण्या पन्नासने खाली सरकल्या तरी त्यांच्यातली अंतरं तीच. भागलंत मात्र, तर विचलनही तेवढ्यानेच भागलं जातं. ताप बघा. 37 सेल्सिअस म्हणजे 98.6 फॅरनहाइट, 1.8 ने गुणून 32 मिळवले.   तर विचलन अर्धा अंश सेल्सिअस असेल, तर फॅरनहाइटमध्ये 0.9. माझ्या एका विद्यार्थ्याने इथेही 32 मिळवून 32.9 लिहिलं. म्हणजे वॉर्डातले काही पेशंट बर्फात, काही तव्यावर.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि सहसंबंध तर राहिलाच!

भरभर सांगतो. सहसंबंध मोजणाऱ्या आकड्यात, म्हणजे सहसंबंध गुणांकात, वर सहप्रचरण, म्हणजे दोन्ही गोष्टी आपापल्या सरासरीपासून एकत्र किती सरकतात त्याचं माप, आणि खाली दोन्ही प्रमाण विचलनांचा गुणाकार. वजाबाकी दोन्हीकडे गळून पडते. भागाकार वर-खाली सारखाच येतो, तोही जातो. म्हणून तापमान सेल्सिअसमध्ये घ्या नाहीतर फॅरनहाइटमध्ये, बर्फाच्या गोळ्यांच्या विक्रीशी सहसंबंध तोच. ऋण संख्येने गुणलंत तर चिन्ह तेवढं उलटतं. सराव आणि गुण यांचा सहसंबंध धन निघाला, पण गुणांऐवजी पहिला-दुसरा असा क्रमांक घेतलात तर तो ऋण येईल. पोरांनी सराव सोडायची गरज नाही. आणि इथे चिन्हच नाही, आकडाही थोडा बदलेल, कारण क्रमांक हा सरळ रेषेतला बदल नाही. आकड्यांचा वर्ग (स्वतःशी गुणाकार) किंवा लॉग घेतलात तरी आकडा असाच बदलतो.

शेवटचं. व्यवसायाला 1 शेतकरी, 2 शिक्षक, 3 दुकानदार असे संकेत देऊन त्यांची सरासरी काढू नका. मी एका अहवालात ती काढलेली पाहिली आहे. एक शेतकरी आणि एक दुकानदार मिळून तिथे दोन शिक्षक झाले होते, आणि पगार एकालाही नाही!