आधी उजेड, मग रंग

पत्रिकेत विषय छापलाय ‘व्हिडिओ गेममधल्या रंगसंगतीचे बदलते प्रवाह’. त्याकडे येतोच, पण आधी गिरगावातल्या आमच्या चाळीत चला. दोन खोल्या, त्यात लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. मे महिन्याच्या सुट्टीत मामाने लॅमिंग्टन रोडवरून व्हिडिओ गेम आणला. कॅसेटवर लिहिलेलं, ‘९९९९९९ इन वन’. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही तीच होती!

त्या टीव्हीवर मारिओ खेळताना माझ्या लक्षात आलं, की ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. आभाळात असलं की ढग, जमिनीला टेकलं की झुडूप. समोरच्या बिऱ्हाडातल्या मित्राकडे कलर टीव्ही. तो म्हणाला, “काहीतरीच काय! ढग पांढरा, झाडं हिरवी.” भांडण पेटलं. शेवटी त्याच्या टीव्हीचं कलरचं बटण शून्यावर आणलं. तो पडद्याला नाक लावून बघत बसला. तेच फुगवटे, तीच वळणं.

१९८५ चा तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. मग काय करायचं? चित्र तेच ठेवायचं, रंग बदलायचे. पार्श्वभूमीला चारच पॅलेट, म्हणजे रंगांचे ठरावीक संच, प्रत्येकात तीन रंग आणि सगळ्यांत सामाईक असा एक. एवढ्यात आभाळ, जमीन, विटा, सगळं बसवलेलं. मला आजही त्या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात.

आणि कॉन्ट्रा, तो दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा गेम! एका गड्याची पँट निळी, दुसऱ्याची लाल. आमच्या टीव्हीवर दोघेही करडे. गोळ्यांच्या धुमश्चक्रीत मी ओरडायचो, “ताई, यातला मी कोण?” ताईने तोड काढली: गोंधळ झाला की दोघांपैकी एकाने जागच्या जागी उडी मारायची. रंग दोन होते, पण त्यांचा उजेड सारखा होता. माझं आजचं सगळं म्हणणं त्या दोन पँटींत आहे.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

२००६ चा गिअर्स ऑफ वॉर आठवा, सगळं करडं-तपकिरी. २००८ चा फॉलआउट ३ हिरवट. नव्या यंत्रांवर प्रकाश खरा वाटायला लागला आणि वास्तव म्हणजे फिकट, असं समीकरण रूढ झालं. त्या काळात मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत होतो. कोकणातल्या पावसाळ्याची चित्रं केली होती, ओला जांभा, पोपटी भातखाचरं. वरून निरोप आला, “इंटरनॅशनल लुक हवा, तपकिरी करा.” केली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याच २००८ मध्ये मिरर्स एजने शहर पांढरं ठेवून वाट तेवढी लाल केली. २०१८ च्या ग्रिसमध्ये एकेक रंग परततो, तीच कथा. आणि २०२३ च्या रेझिडंट ईव्हिल ४ मध्ये फोडायच्या पेट्या खेळणाऱ्याला ओळखू याव्यात म्हणून त्यांवर पिवळा रंग फासलाय, त्यावर केवढा वाद! लोक पिवळ्यावर चिडतात. माझं म्हणणं, उजेड-सावली आधी नीट बसवली असती तर तो फासावा लागला नसता. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांनाही तोच उजेड वाट दाखवतो.

जरा दिवे मालवता? हे चित्र मी करड्यात लावलंय. यात नायक कुठे आहे, मागच्या रांगेतून सांगा.