कोयता, बादली आणि मराठी अक्षरं

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधे, समुद्रालगत नवगाव आहे. इथे दोन जुने उंचवटे आहेत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, की फार पूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं इथेच पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं.

नवगावला आज स्मारक आहे, लोक विचारत विचारत तिथे पोचतात. पण रायगड जिल्ह्यात या समाजाची वस्ती गावोगाव होती, आणि जिथे वस्ती तिथे कब्रस्तान. त्यातली कित्येक आता झाडीत गेली आहेत. करवंदीच्या जाळीत हात घातल्याशिवाय दगड दिसत नाही.

ज्यू रिवाजात पुरलेला देह हलवत नाहीत. जुनी कबर उकरून तिथे नवी होत नाही. त्यामुळे जागा कायमची मृतांची. वस्ती नांदती होती तोवर ती स्वच्छ राहिली. मग माणसं नोकरीधंद्याला मुंबईला गेली, पलटणीत गेली, आणि 1948 नंतर एकेक कुटुंब इस्रायलला निघालं. घरं विकली गेली. कबरी विकता येत नाहीत.

मग सांभाळतं कोण? गावातलाच कोणीतरी. बहुतेक ठिकाणी तो ज्यू नसतो. कब्रस्तानाला लागून त्याचं शेत किंवा वाडी असते, वडील बघायचे म्हणून तोही बघतो. आम्ही ज्यांच्याबरोबर फिरलो ते काका पावसाळा सरला की कोयता घेऊन वाट मोकळी करतात. कारण हिवाळ्यात पाहुणे येतात.

पाहुणे येतात ते आडनावाचा माग काढत. केहिमकर किहीमला, झिराडकर झिराडला, पेणकर पेणला. इस्रायलमधल्या लोद, रामले, अश्दोद, दिमोना इथे आयुष्य गेलेली ही माणसं, पण आजीचं गाव तोंडपाठ. उतारावर एका आजींनी विचारलं, “दादा, साप-बिप नाही ना?” काका म्हणाले, “नाय मावशी, सकालीच कोयता फिरवलाय.” तिथून पुढे दोघं नारळाचा भाव काय, यावर बोलत चालले होते. वर्षानुवर्षांची ओळख असावी तसे.

हा दगड जवळून बघा. वर हिब्रू ओळ, खाली मराठी. नाव, बापाचं नाव, गाव. मृत्यूचं वर्ष दोनदा, एकदा इंग्रजी सनात आणि एकदा हिब्रू अक्षरांत, कारण त्या लिपीत अक्षरंच आकड्यांचं काम करतात. अर्धी ओळ दगडफुलाखाली गेली आहे. आजी बोटानं चाचपत एकेक अक्षर लावतात. मग एक खडा उचलून कबरीवर ठेवतात. फुलं नाहीत, खडाच. कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि इथे दोघंच आहेत, म्हणून स्तोत्र म्हणतात. निघताना हात धुवायचे असतात. काकांना ते ठाऊक आहे. बादली आणि तांब्या त्यांनी आधीच वाटेवर ठेवला आहे.

या कबरींना सगळ्यात मोठा धोका झाडांचा नाही, घाईच्या स्वच्छतेचा आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. भल्या मनानं कोणी येतं, तारेच्या ब्रशनं किंवा अॅसिडनं दगड घासतं, वर ऑइलपेंट मारतं, आणि उरलीसुरली अक्षरंही जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि हात लावण्याआधी तिरप्या उन्हात काढलेला फोटो. सकाळी किंवा संध्याकाळी सावली अक्षरांच्या खाचेत बसते, तेव्हा पुसट नावंही वाचता येतात.

काकांची मुलं अलिबागला नोकरीला आहेत, ही वाट त्यांच्यापैकी कोणाला माहीत नाही. म्हणून या खेपेला आजींच्या नातवानं प्रत्येक कबरीपाशी थांबून मोबाईलवर जागा नोंदवली. जिथे अक्षर उरलेलं नाही तिथे काकांना विचारलं. काकांनी वडिलांकडून ऐकलेली नावं सांगितली, आणि नातवानं ती मराठीतच लिहून घेतली.