एनपीएची तारीख

(नागरी सहकारी बँकांचे संचालक आणि कर्ज विभागातील सेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

कर्ज उपसमितीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘पार्टी चांगली आहे, तारण भक्कम आहे, दोन जामीनदार आहेत, पैसे कुठे जात नाहीत.’ असेलही तसं. पण खातं एनपीए, म्हणजे वसुली थांबलेलं अनुत्पादक कर्ज, झालं की नाही हे ठरवताना रिझर्व्ह बँकेचे निकष यातली एकही गोष्ट विचारात घेत नाहीत. ते फक्त वसुलीची नोंद बघतात. सगळ्यात जुना न भरलेला पैसा कोणत्या तारखेचा आहे, एवढाच प्रश्न. तारणाचा विचार होतो, पण पुढे, तरतूद (संभाव्य तोट्यापोटी नफ्यातून बाजूला काढायची रक्कम) किती करायची ते ठरवताना.

पूर्वी असं नव्हतं. ऐंशीच्या दशकात ‘हेल्थ कोड’ नावाची आठ वर्गांची पद्धत होती आणि कोणतं खातं कुठल्या वर्गात टाकायचं हे बरंचसं बँकेच्या मतावर होतं. व्याज हातात आलं नाही तरी उत्पन्नात धरलं जाई. नरसिंहम समितीच्या 1991 च्या अहवालानंतर 1992-93 पासून हे बदललं. सुरुवातीला चार तिमाह्या थकल्यावर एनपीए, मग तीन, मग दोन, आणि 31 मार्च 2004 पासून 90 दिवस. लहान नागरी बँकांना त्यानंतरही काही वर्षं सवलत मिळाली. तीही आता इतिहासजमा झाली.

90 दिवस मोजण्यातच निम्म्या चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू. समजा इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाचं मुदत कर्ज आहे. हप्ता 40,000 रुपये, दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी देय. 31 डिसेंबर 2025 चा हप्ता आला नाही. त्या रात्री डे-एंड झालं, म्हणजे दिवसाचे हिशोब बंद झाले, की खातं थकीत, आणि त्याच दिवशी एसएमए-0 (एसएमए म्हणजे एनपीएच्या आधीचे धोक्याचे टप्पे). देय तारीख मोजणीत धरायची, दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची नाही. 30 जानेवारीच्या डे-एंडला एसएमए-1. 1 मार्चला एसएमए-2. आणि एनपीए? पुष्कळ जण 1 एप्रिल सांगतात आणि निश्चिंत होतात, की यंदाचा ताळेबंद तर वाचला. उत्तर आहे 31 मार्च 2026. फेब्रुवारी 28 दिवसांचा असला की 31 डिसेंबरचा हप्ता बरोबर ताळेबंदाच्या तारखेला एनपीए होतो, लीप वर्षात एक दिवस आधी. रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात तारखांचं उदाहरण देऊन हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे लेखापरीक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता हाच माणूस 30 मार्चला येतो आणि एकच हप्ता, 40,000 रुपये, भरतो. डिसेंबरचा हप्ता मिटला. सगळ्यात जुनी थकबाकी आता 31 जानेवारीची. 31 मार्चला खातं एसएमए-1 मध्ये, म्हणजे अजून स्टँडर्ड, एनपीए नसलेलं. पुढे काहीच भरलं नाही तर 1 एप्रिलला एसएमए-2 आणि 1 मेला एनपीए. पण तोच माणूस दोन दिवस उशिरा, 1 एप्रिलला, तेच 40,000 घेऊन आला तर खातं एनपीएतून बाहेर येत नाही. एकदा एनपीए झालं की मुद्दल आणि व्याज धरून सगळी थकबाकी भरल्याशिवाय स्टँडर्ड करता येत नाही. डिसेंबर ते मार्च चार हप्ते, म्हणजे किमान 1,60,000. ‘90 दिवसांच्या आत आणलं’ हा युक्तिवाद खातं घसरण्याआधी चालतो, घसरल्यावर नाही. वसुली अधिकाऱ्याने कर्जदाराला हा फरक 1 मार्चला, एसएमए-2 चा शिक्का बसतो त्या दिवशी, आकड्यांत सांगायला हवा. 30 मार्चला सांगून उपयोग नाही, कारण तोवर हातात एकच दिवस उरलेला असतो.

कॅश क्रेडिटला (सीसी, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत हवी तशी उचल आणि भरणा करायचं खातं) हप्ता नसतो, म्हणून तिथे ‘आउट ऑफ ऑर्डर’ बघायचं. येणं बाकी सलग 90 दिवस मंजूर मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या (तारण मालाच्या किमतीवरून निघणाऱ्या उचलीच्या मर्यादेच्या) वर राहिली, तर खातं गेलं. बाकी मर्यादेत असली तरी 90 दिवसांत काहीच जमा नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्याच काळात नावे टाकलेल्या व्याजाला पुरत नाही, तरीही गेलं. 8 लाखांचं सीसी, दर 12 टक्के, मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली. महिन्याला साधारण 8,000, तीन महिन्यांत 24,000 व्याज. पार्टीने 20,000 जमा केले आणि बाकी मर्यादेत ठेवली, तरी हे खातं आउट ऑफ ऑर्डरच. स्टॉक स्टेटमेंटचा, म्हणजे शिल्लक मालाच्या पत्रकाचा, सापळा याहून वाईट. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर ग्राह्य नाही. तिच्यावर चाललेली उचल अनियमित, आणि ती अनियमितता 90 दिवस टिकली की एनपीए, पार्टीचा धंदा जोरात असला तरी. मर्यादेचं नूतनीकरण देय तारखेपासून 180 दिवसांत झालं नाही तरी तेच. म्हणजे शाखेच्या टेबलावर पडून राहिलेल्या फाइलमुळे चांगलं खातं एनपीए होऊ शकतं, आणि होतं.

शेती कर्जाला दिवस नाहीत, हंगाम आहेत. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. वर्षापेक्षा मोठा हंगाम असलेलं पीक ते दीर्घ मुदतीचं, आणि हंगाम ठरवायचा राज्यस्तरीय बँकर्स समितीने. शाखाधिकाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने आडसाली उसाचा हंगाम ठरवू नये.

वर्गीकरण खात्याचं नसतं, कर्जदाराचं असतं. यंत्रमागाचं मुदत कर्ज एनपीए झालं की त्याच माणसाचं नियमित चालणारं सीसी, वाहन कर्ज, सोनेतारण, सगळं एनपीए. सोनेतारणाला सूट नाही, हे ऐकून संचालकांना दर वेळी धक्का बसतो. मुदत ठेव, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, किसान विकास पत्र आणि आयुर्विमा पॉलिसी यांवरच्या कर्जाला सूट आहे, तीही पुरेसं मार्जिन शिल्लक असेल तोवर. गफलत होते ती ग्राहक क्रमांकात. मालक स्वतःच्या नावावर एक आणि एकल मालकीच्या फर्मच्या नावावर दुसरा, असे दोन क्रमांक असले की संगणकाला दोघे वेगळे वाटतात. कायद्याने ते एकच. पॅनवरून यादी काढा, जोड्या लगेच सापडतात. भागीदारी संस्थेचं मात्र तसं नाही, ती तिच्या भागीदारापेक्षा वेगळी कर्जदार.

आता पैसे. आपल्या यंत्रमागधारकाकडे मुदत कर्ज 12 लाख आणि सीसी 8 लाख, एकूण 20 लाख येणं आहे असं धरू. तारण विकून हाती येईल अशी किंमत 14 लाख. खातं स्टँडर्ड असताना, लघुउद्योग म्हणून, पाव टक्का तरतूद होती: 5,000 रुपये. एनपीए झाल्या दिवसापासून बारा महिने ते सब-स्टँडर्ड, म्हणजे एनपीएचा पहिला वर्ग, आणि नागरी बँकेला 10 टक्के तरतूद, म्हणजे 2 लाख. बारा महिने उलटले की डाऊटफुल, म्हणजे संशयित. इथून तारण हिशोबात येतं. तारणाबाहेरच्या 6 लाखांची तरतूद 100 टक्के. तारणातल्या 14 लाखांवर पहिल्या वर्षी 20 टक्के, 2,80,000. एकूण 8,80,000. पुढची दोन वर्षं 30 टक्के, एकूण 10,20,000. त्यापुढे पूर्ण 20 लाख, मग तारण कितीही भक्कम असो. व्यापारी बँकांचे दर याहून कडक आहेत: सब-स्टँडर्डला 15 टक्के, विनातारण असेल तर 25, आणि डाऊटफुलच्या तारणी भागावर 25, 40, 100.

शिवाय व्याज. एनपीए झालं की उत्पन्नात धरलेलं पण हातात न आलेलं व्याज उलटवायचं, आणि पुढे जे रोख येईल तेवढंच उत्पन्न.

तारणाचं मूल्यांकन फुगवलं तर डाऊटफुल टप्प्यावर काही काळ तरतूद कमी दिसते, पण नवं मूल्यांकन झालं की अंगावर येतं. आधी मान्य केलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी किंमत उरली, तर सब-स्टँडर्डचे बारा महिने न मिळता खातं थेट डाऊटफुल. येणं रकमेच्या 10 टक्क्यांहूनही कमी, आपल्या उदाहरणात 2 लाखांच्या खाली, तर थेट लॉस, म्हणजे बुडीत. माल परस्पर विकलेला निघतो, तारण मिळकतीची कागदपत्रं बनावट निघतात, तेव्हा हेच होतं.

मार्चअखेरच्या ‘नवं-जुनं’ बद्दल सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. भावाच्या नावावर नवं कर्ज, त्यातून याचे चार हप्ते, आणि एप्रिलमध्ये पुन्हा तोच खड्डा. तपासणी अधिकारी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या मोठ्या जमा रकमांची यादी आधी मागतात आणि प्रत्येक रकमेचा उगम शोधतात. निकष स्पष्ट आहेत: ताळेबंदाच्या तोंडावर पडलेल्या एखाद-दुसऱ्या जमेने खातं नियमित दिसत असेल आणि मूळचा कमकुवतपणा तसाच असेल, तर ते एनपीएच धरायचं. हप्त्यांचं वेळापत्रक बदलून, म्हणजे पुनर्रचना करून दिली, तरी साधारण नियम असा की स्टँडर्ड खातं सब-स्टँडर्डमध्ये जातं. सिस्टीममध्ये देय तारीख हाताने पुढे ढकलणं हा तिसरा मार्ग, पण प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये राहते.

हे टोकाला गेलं की काय होतं, ते मुंबईत पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत दिसलं. मार्च 2019 च्या ताळेबंदात ढोबळ एनपीए पावणेचार टक्क्यांच्या आसपास दाखवला होता. सहा महिन्यांनी, 23 सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एकाच बांधकाम समूहाचं प्रचंड थकीत कर्ज नोंदींत लपवलेलं होतं. ठेवीदारांनी शेवटपर्यंत वाचला तो पावणेचार टक्क्यांचाच आकडा.

शेवटी वसुलीचं. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची 60 दिवसांची नोटीस खातं एनपीए झाल्यावरच देता येते. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही हा वाद मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि 5 मे 2020 ला बँकांच्या बाजूने मिटला. शेतजमिनीवर मात्र तो चालत नाही, तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखलाच घ्यावा लागतो. नोटिशीत एनपीएची तारीख लिहायची असते. ती सिस्टीममधली तारीख, लेखापरीक्षण अहवालातली तारीख आणि नोटिशीतली तारीख, या तिन्ही जुळल्या नाहीत की कर्जदाराचा वकील कर्ज वसुली न्यायाधिकरणात पहिलं बोट तिथेच ठेवतो. नोटीस टाइप करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि बुडीत म्हणून निर्लेखित केलेल्या खात्याची फाइल गोदामात पाठवू नका. निर्लेखनाने कर्ज ताळेबंदातून जातं. कर्जदार आणि जामीनदार यांच्याकडचं येणं तसंच राहतं, आणि त्यापोटी जे वसूल होईल ते त्या वर्षीच्या नफ्यात जमा होतं.