लाथ नव्हे, तालीम

मंडळी, ब्रूस लीबद्दल आज मी फारसं बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण हाँगकाँगचे कुंग फू सिनेमे न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमध्ये, म्हणजे रॅप, डीजे आणि ब्रेकडान्सच्या जगात, कसे शिरले ही गोष्ट त्याच्यावाचून सुरू होत नाही. तारखाच बघा. २० जुलै १९७३ला तो हाँगकाँगमध्ये वारला. ११ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क आणि त्याच्या बहिणीनं एक पार्टी ठेवली. हिप-हॉपचा जन्म तिथला धरतात. आणि त्याच महिन्यात ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला. यातून मी काही सिद्ध करत नाही, निव्वळ योगायोग आहे. पण त्या पार्टीतली पोरं आणि त्या सिनेमाचा प्रेक्षक, वस्ती एकच होती.

बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या कळकट थिएटरांत हाँगकाँगचे सिनेमे एकामागून एक लागायचे. पुढं ऐंशीच्या दशकात शनिवारी दुपारी न्यूयॉर्कच्या पाच नंबरच्या चॅनलवर तेच सिनेमे फुकटात दिसू लागले. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन पोरांनी पडद्यावर पहिल्यांदा असा नायक पाहिला जो गोरा नाही, श्रीमंत नाही आणि ज्याच्या हातात पिस्तूलही नाही. ब्रेकडान्स करणाऱ्यांनी त्यातल्या उड्या उचलल्या. पाठीवर पडलेला गडी एका उसळीत पायांवर उभा राहतो ना, ती तर सरळ उचललेली. त्या नाचात गायक जेम्स ब्राऊनचे पायही आहेत, लॅटिन नाचही आहेत. सगळं श्रेय कुंग फूला देणारे जरा उत्साही लोक असतात.

पण उड्या ही वरवरची उचल झाली. खरी उचल वेगळी आहे, आणि तिच्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: तालीम. पैलवानाची ती तालीम, गवयाचीही तालीम, नाटकाचीसुद्धा तालीमच.

१९७८ साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या कंपनीनं 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' काढला. दिग्दर्शक लाऊ कार-लुंग. हा माणूस स्वतः लढणारा. त्याचे वडील लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे थेट वाँग फेई-हुंग या नामांकित कुंग फू वस्तादाचे. म्हणजे घराणं सांगणारा दिग्दर्शक! सिनेमात चीनवरच्या मांचू सत्तेच्या जुलमातून जीव वाचवून एक विद्यार्थी शाओलिन मठात पोचतो. गॉर्डन ल्यूनं ती भूमिका केली आहे. मठात पस्तीस दालनं, प्रत्येकात एक विद्या. हा उतावळा सगळ्यात वरच्या दालनात घुसतो आणि बाहेर फेकला जातो. मग अगदी खालून सुरुवात. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारून पलीकडं गेलात तरच जेवण. दोन्ही हात आडवे पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, दंडांना सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की बरगडीत टोक. सिनेमाचा केवढा तरी भाग नुसता मेहनतीतच जातो. मारामारी बघायला आलेल्याला हे कंटाळवाणं वाटायला हवं. पण नाही वाटत! वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका मारलेल्या कुणालाही विचारा.

पस्तीसही दालनं पार केल्यावर मठ त्याला विचारतो, आता कुठल्या दालनाचा प्रमुख व्हायचंय? तो म्हणतो, छत्तिसावं दालन काढू या, मठाबाहेरच्या साध्या माणसांसाठी.

हा सिनेमा न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधल्या आरझा नावाच्या पोरानं पाहिला. अन्याय सोसणारे आपण एकटेच नाही, हे या सिनेमानं दाखवलं, असं त्यानं पुढं अनेकदा सांगितलंय. त्याच्यासह नऊ रॅपरांचा फड उभा राहिला, वू-टँग क्लॅन. स्टेटन आयलंडला त्यांनी नावच देऊन टाकलं शाओलिन. नोव्हेंबर १९९३मध्ये पहिला अल्बम आला, नावात ती छत्तीस दालनं. त्यांचा हिशोबही मजेशीर: नऊ माणसं, प्रत्येकाच्या काळजाचे चार कप्पे, झाले छत्तीस. एकाचं नाव मास्टा किला, कारण अमेरिकेत तो सिनेमा 'मास्टर किलर' म्हणून लागला होता. घोस्टफेस किला हे दुसऱ्या एका सिनेमातल्या खलनायकाचं नाव.

नऊ जण म्हणजे नऊ शैली. एकाच बीटवर प्रत्येकानं आपला पवित्रा दाखवायचा, आणि जीभ हीच तलवार. कलगी-तुऱ्याच्या फडात बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण तिथल्यासारखाच इथंही तोंडाचा जोर पाठांतरातून आणि रियाजातून येतो. यातले काही जण नात्यातले, काही शेजारचे. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून धार लावलेले.

आता आवाजाकडं येतो. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात प्रिय. त्या सिनेमांचं इंग्रजी डबिंग ओबडधोबड असायचं. ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं, आणि कुठलाही वस्ताद बोलला की घोगरा, नाटकी सूर. लोक हसायचे. आरझानं नेमका तोच सूर कापून गाण्यांत बसवला. तलवारींचा खणखणाट तालवाद्यासारखा आला. सिनेमात जे हास्यास्पद होतं ते ढोलाच्या खरखरीत ठोक्याशेजारी ठेवल्यावर भीतिदायक झालं. संदर्भ बदलून अर्थ बदलणं ही हिप-हॉपची मुळातलीच विद्या, जुन्या तबकडीतला चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तो फिरवत राहायचा.

पुढं आरझानं २०१२मध्ये स्वतःचाच मारधाड सिनेमा दिग्दर्शित केला. तो मला बेताचाच वाटतो. त्यापेक्षा त्याचा दुसरा उद्योग ऐकण्यासारखा: थिएटरात 'थर्टी-सिक्स्थ चेंबर' दाखवायचा आणि समोर बसून त्याला प्रत्यक्ष संगीत द्यायचं.

चला, आता त्या १९९३च्या अल्बमची सुरुवात ऐकवतो. पहिला ठोका पडण्याआधी काही वाक्यं बोलली जातात. बोलणारे न्यूयॉर्कचे नाहीत, जुन्या सिनेमातले आहेत. हसू आलं तर खुशाल हसा, पण ठोका पडेपर्यंतच. मागचे दिवे जरा बंद करता का?