अंगठी नक्की कुठली?

(दृश्य : सीप्झ मेट्रो स्थानकाबाहेरची सकाळची गर्दी)

अंधेरीचं सीप्झ. १९७३ साली ही वसाहत इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभी राहिली. आज आत शिरणाऱ्यांत दागिने घडवणारे कारागीर भरपूर दिसतील. गंमत अशी, की विशेष आर्थिक क्षेत्र असल्यामुळे जकातीच्या हिशेबात ही जागा देशाबाहेरची धरतात. बेस्टची बस मात्र दारापर्यंत येते.

(दृश्य : सेटिंगचं टेबल, अगदी जवळून)

अंगठी लाखेत घट्ट रोवलेली आहे. सेटर चिमट्याने हिरा उचलतो, खाचेत टेकवतो आणि एकेक प्रॉंग, म्हणजे सोन्याची नखी, त्याच्यावर वळवतो. हात जरा जड पडला, की हिऱ्याचा टवकाच उडायचा.

ही अंगठी अमेरिकेला जाणार. आत १४ कॅरेट सोन्याचा शिक्का, कागदावर ‘मेड इन इंडिया’. त्यात खोटं काही नाही. पण सोनं बहुधा स्वित्झर्लंड किंवा दुबईहून आलेलं. हिऱ्याला पैलू सुरतेत पडले, सौदा बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात झाला. इथून मेट्रो ३ ने थेट तिथे उतरता येतं. आणि खाण? ती बोट्सवानाची असेल, अंगोलाची, नाहीतर रशियाचीही.

खाणीचं नाव वाटेतच पुसलं जातं. डी बिअर्स ही हिरे कंपनी बोट्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, कॅनडा इथला कच्चा माल बोट्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनला, एकत्र करते आणि आकार, रंग, दर्जा पाहून त्याचे वाटे पाडते. एका वाट्यात चार देश! पैलू पडल्यावर तर भिंगातून कितीही बघा, खाण ओळखू येत नाही.

(दृश्य : बीकेसी, भारत डायमंड बोर्स)

अमेरिकेची जकात पूर्वीपासून एवढंच बघायची, की मालाचं रूप शेवटी कुठे पालटलं. रशियाचा खडा सुरतेत घासला, की तो भारतीय. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियन हिऱ्यांवर बंदी आली, तरी ही पळवाट उघडीच होती. १ मार्च २०२४ पासून ती बुजवली. एक कॅरेट वजनाचा किंवा त्याहून मोठा रशियन हिरा कुठेही घासलेला असला तरी अमेरिकेत चालेनासा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात ही मर्यादा अर्ध्या कॅरेटवर आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा हिशेब पुन्हा जुन्याच रीतीने झाला. हिरा बोट्सवानाचा असो की कॅनडाचा, घासला सुरतेत, म्हणजे शुल्क भारताचं. निर्बंधांना जन्मगाव हवं, जकातीला कारखाना. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीकच आहेत, पण कागद सांभाळता सांभाळता लहान व्यापाऱ्याचा पिट्ट्या पडतो. हिऱ्याच्या पैशावर बंडखोरांची युद्धं पोसली जाऊ नयेत म्हणून २००३ पासून असलेलं किंबर्ली प्रमाणपत्र फक्त कच्च्या हिऱ्याला लागू. पैलूदार मालाला ते नाही. त्यामुळे कच्च्या हिऱ्यांच्या पुडीपासूनची सगळी बिलं जपायची, आणि अमेरिकेला जाणारा माल पहिल्यापासून वेगळ्या पुडीत ठेवायचा.