मारुती मंदिराच्या मागे, पवई

(दृश्य: पाकिटावर निळ्या शाईत लिहिलेला पत्ता. कॅमेरा अगदी जवळ.)

'गणेश कृपा, दुसरा मजला, मारुती मंदिराच्या मागे, रिक्षा स्टँडसमोर, पवई, मुंबई ७६.'

पोस्टमनला यात अवघड काही नाही. दोन-चार पावसाळे त्याच बीटवर काढले की घर डोळे मिटून सापडतं. पण हाच पत्ता एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये एका ओळीत सलग पडलेला असतो. त्यातली इमारत कुठली, रस्ता कुठला, खूण कुठली, हे यंत्राला कळणार कसं?

हा प्रश्न प्रा. सुनीता सरावगी यांनी हाती घेतला. मूळच्या त्या ओडिशातल्या बालासोरच्या. आयआयटी खरगपूर, मग बर्कलीची पीएच.डी., मग कॅलिफोर्नियातच आयबीएमची आल्माडेन प्रयोगशाळा. १९९९ मध्ये त्या आयआयटी मुंबईत शिकवायला आल्या.

(दृश्य: पवई तलाव, पलीकडे संस्थेच्या इमारती.)

पत्त्याचे असे भाग वेगळे करणारी सॉफ्टवेअर तेव्हाही होती, पण ती हाताने लिहिलेल्या नियमांवर चालत. 'रोड' दिसला की आधीचं नाव रस्त्याचं. ठीक. मग 'स्टेशन रोडच्या अलीकडे' आलं की नियमाची पंचाईत. अमेरिकेत घर नंबर, रस्ता, शहर, राज्य असा क्रम ठरलेला. आपल्याकडे पत्ता लिहीत नाहीत, सांगतात. फक्त कागदावर.

२००१ मध्ये सरावगी आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी 'डेटामोल्ड' नावाचं तंत्र मांडलं. थोडे पत्ते माणसाने तुकडे पाडून द्यायचे. इमारतीनंतर बहुधा काय येतं, कुठल्या भागात साधारण किती शब्द असतात, कुठला शब्द कुठे जास्त दिसतो, हे यंत्र त्यावरून शिकतं. नवा पत्ता आला की सगळ्यात संभवनीय वाटणी करतं. या तंत्राचा पाया हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे दिसणाऱ्या शब्दांवरून त्यांच्यामागचा न दिसणारा क्रम ओळखणारं संभाव्यतेचं गणित. निकाल: अमेरिकन पत्त्यांवर ९९ टक्के अचूकता, आशियाई पत्त्यांवर ९०. मधल्या नऊ टक्क्यांत आपलं मारुती मंदिर आलं.

पुढच्याच वर्षी दुसरी डोकेदुखी. 'एस. व्ही. रोड' आणि 'स्वामी विवेकानंद मार्ग' एकच, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. यंत्राला लागतं. अशा लाखो जोड्या माणसाने तपासायच्या तर जन्म जाईल. म्हणून जिथे यंत्र अडखळतं, तेवढ्याच जोड्या त्याने माणसाला विचारायच्या.

२००४ मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ विल्यम कोहेन यांच्यासोबतचं काम आलं. सुट्टा 'फाळके' बघितला तर माणसाचं नाव वाटतं. 'दादासाहेब फाळके रोड' अख्खा बघितला की दादरचा रस्ता. एकेका शब्दाऐवजी अख्ख्या तुकड्याला 'नाव', 'रस्ता' असं लेबल लावायचं, ही त्यातली कल्पना.

(दृश्य: रिकामा वर्ग, फळ्यावर अर्धवट पुसलेली समीकरणं.)

वर्गात त्या प्रगत मशीन लर्निंग शिकवत आल्या आहेत. २०१९ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याआधी, २०१८ च्या एका शोधनिबंधात, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यंत्राच्या फाजील आत्मविश्वासाला हात घातला. यंत्र म्हणतं, '९० टक्के खात्री आहे.' मग अशा शंभर उत्तरांतली नव्वद खरी निघतात का? पुष्कळदा नाही. ती निघावीत, यासाठी प्रशिक्षणातच काय बदलायचं, हे त्यांनी मांडलं.

(दृश्य: पुन्हा तोच पत्ता, आता मोबाईलच्या पडद्यावर. खाली जिन्याशी पार्सलवाला, फोन कानाला.)

"काका, मंदिराच्या मागे म्हणजे, पिंपळाच्या बाजूने की गटाराच्या?"