व्हिटन ओव्हलचं कुंपण आणि आमचे आण्णा

नमस्कार मंडळी! कसे आहात सगळे? पंखे लावलेत ना, आज बाहेर आग ओततीय नुसती. तर असल्या उन्हात सकाळी सकाळी कुठं जायचं हे सांगायला मी आज बसलीय, आणि उत्तर आहे फुटीच्या, म्हंजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, क्लबचा सराव बघायला. हो, सराव. मॅच नाही, सराव. प्रीसीझन ट्रेनिंग, म्हंजे मोसम सुरू व्हायच्या आधीची मेहनत.

तुम्ही मेलबर्नमधे राहता म्हंजे फुटी काय आहे ते मी नव्याने सांगत नाही. चार खांब, मधल्या दोघांतून गेला तर सहा पॉइंट, बाजूने गेला तर एक, एवढं तर आपली पोरं शाळेतून शिकून येतातच. पण मार्चमधे मॅचेस सुरू व्हायच्या आधी चार महिने काय चालतं ते आपल्यातल्या फार थोड्या जणांनी बघितलंय. नोव्हेंबरमधे आधी नवीन पोरं येतात, पहिल्या चार वर्षांतली, मग थोड्या आठवड्यांनी मोठे सीनिअर येतात, ख्रिसमसला सुट्टी, आणि जानेवारीत खरी रगड्याची मेहनत. आणि ही मेहनत बऱ्याचदा उघड्यावर चालते, तिकीट नाही, पास नाही. परत सांगते, तिकीट नाही. फक्त त्या दिवशीचं ट्रेनिंग लोकांसाठी ओपन आहे का ते क्लबच्या साइटवर आधी बघून जा.

आणि गंमत बघा, हा खेळ जन्मालाच आला तो मुळी सरावासाठी. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले क्रिकेटवाले सुस्त पडतात, त्यांचं अंग हलतं राहावं म्हणून एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी, १८५९ ला, मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. म्हंजे आपल्या लाडक्या क्रिकेटची ही धाकटी बहीण. म्हणून मला वाटतं की आपल्या लोकांनी पोरांना नुसतं क्रिकेट आणि ट्यूशन, क्रिकेट आणि ट्यूशन असं करू नये, ऑसकिकला, म्हंजे लहान पोरांच्या फुटीच्या वर्गाला, पण पाठवावं, आणि मुलींना तर नक्कीच पाठवावं, २०१७ पासून मुलींची नॅशनल लीग आहे आता. असो, हा वेगळा विषय झाला, त्याच्यावर कधीतरी अख्खा कार्यक्रम करीन मी.

तर आमच्या आण्णांची गोष्ट. माझे वडील. कोल्हापूरचे. डिसेंबर २०१६ मधे पहिल्यांदा आमच्याकडे टार्नीटला आले तीन महिन्यांसाठी. आता तुमच्याकडे पण आई-बाबा येत असतील, पहिले दहा दिवस मजेत जातात, मग आपण ऑफिसला, पोरं समर कॅम्पला, आणि ते बिचारे खिडकीत. आण्णांचं तसंच झालं. ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे चारला उठून तालीम केली, लाल मातीत लोळला, खासबागेत कुस्त्या बघितल्या, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच असली की घरचं लग्न सोडून जायचा, तो माणूस टार्नीटच्या सोफ्यावर बसून शेजारच्यांच्या कारचे नंबर पाठ करत होता. मला बघवेना.

जानेवारीत एक दिवस मी सुट्टी घेतली आणि म्हटलं, "आण्णा, चला, फुटबॉल बघायला जाऊ." ते म्हणाले, "मॅच हाय?" मी म्हटलं, "नाही, प्रॅक्टिस." तर त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! म्हणाले, "मंग तर जायलाच पायजे. कुस्ती मैदानात कोन बी बघतंय. मेहनत बघाय तालमीत जावं लागतंय."

गेलो. टार्नीटहून फुटस्क्रे, तिथून गाडी बदलून वेस्ट फुटस्क्रे, मग थोडं चालत व्हिटन ओव्हल. वेस्टर्न बुलडॉग्जचं घर. तो कुठला जानेवारी होता लक्षात घ्या, २०१७ चा! तीनच महिन्यांपूर्वी, १ ऑक्टोबर २०१६ ला, ह्या टीमने सिडनीला ८९-६७ हरवून कप आणलेला, १९५४ नंतर पहिला, म्हंजे बासष्ट वर्षांनी. सगळ्या फुटस्क्रेभर लाल-पांढरा-निळा अजून उतरला नव्हता.

कुंपणाला लागून तीस-चाळीस माणसं असतील. आणि एक आजी. ऐंशीच्या आसपासच्या, घडीची खुर्ची, थर्मास, एवढ्या उन्हात गळ्यात क्लबचा स्कार्फ, आणि मांडीवर वही. साधी शाळेची दोनशे पानी असते तसली वही. त्यात त्या लिहीत होत्या, आज कोण आलं, कोण नाही आलं, कोण मेन ग्रुपमधे पळतोय, कोण बाजूला रिहॅबमधे, म्हंजे दुखापतीतून सावरतोय. अशी माणसं प्रत्येक क्लबच्या कुंपणाशी असतात बरं का, त्यांना ट्रॅक वॉचर म्हणतात. पेपरात काही यायच्या आधी त्यांच्या वहीत आलेलं असतं.

आण्णा आजींच्या शेजारी उभे राहिले. इंग्लिश म्हणाल तर थँक्यू आणि गुड मॉर्निंग. आणि हातात भडंगाची पिशवी. अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "त्यो पोरगा बघ, त्यो पाण्याच्या बाटल्यांकडं चाललाय. डाव्या मांडीत भरलंय त्येच्या." मी म्हटलं, "आण्णा, तो आत्ता सगळ्यांच्या पुढं पळत होता की." तर म्हणाले, "पळताना कुनी बी लपिवतंय. थांबताना बघ."

मग मी बघितलं. पळून झालं की बाकीची पोरं दोन पावलांत थांबायची, हा चार-पाच बारकी पावलं टाकून थांबायचा. बाटली उचलायला वाकला तर उजवा गुडघा मोडून, डावा पाय मागे ताठच. एकदा नाही, तीनदा बघितलं, तीनही वेळा तसंच.

आजींनी विचारलं काय म्हणतायत ते. मी सांगितलं. आजी हसल्या, चांगलं हसल्या, म्हणाल्या तो पोरगा तर आज सगळ्यात फ्रेश दिसतोय. पण वहीत त्यांनी त्याच्या नावापुढं लिहिलं, डावी हॅमी, आणि पुढं प्रश्नचिन्ह. हॅमी म्हंजे हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागचा स्नायू, ह्या खेळात सगळ्यात जास्त दुखावतो तोच. मग आण्णांनी पिशवी पुढं केली, आजींनी मूठभर भडंग घेतलं, तिखट लागलं असणार पण हू का चू केलं नाही, आणि थर्मासच्या झाकणात आण्णांना चहा दिला. मी मधे उभी राहून दोन्हीकडचं भाषांतर करत होते.

दोन दिवसांनी परत गेलो. आण्णाच मागे लागलेले. पोचतोय तोवर आजी खुर्चीतून उठल्या. तो पोरगा मेन ग्रुपमधे नव्हता. पलीकडे बाउंड्रीच्या कडेने एकटा, शेजारी फिजिओ, आणि डाव्या मांडीला पट्टी.

आजींनी काय केलं माहितीय? वही उघडून ते प्रश्नचिन्ह खोडलं. मग आण्णांचा हात हातात घेतला आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. ऐंशीच्या बाईने सत्तरीच्या माणसाला! आण्णा उठायला बघतायत, ह्या उठू देत नाहीत. मला विचारलं, तुमच्याकडे असं ओळखणाऱ्याला काय म्हणतात? मी म्हटलं, वस्ताद. झालं, त्या दिवसापासून आण्णा व्हिटन ओव्हलवर वस्ताद.

पुढं मी जायची गरजच राहिली नाही. ट्रेनचं मायकी कार्ड गळ्यात अडकवून एकटेच जायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी संध्याकाळी घरी येऊन ते मला आजींबद्दल सांगायचे, आणि मी चौकशी केली की सगळं खरं निघायचं. १९५४ चा कप जिंकला तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. १९८९ ला हा क्लब बंद करून दुसऱ्यात मिळवायचं ठरलेलं, तेव्हा ह्या भागातल्या कामगारांनी, बायकांनी डबे वाजवून, दारोदार फिरून तीन आठवड्यांत पंधरा लाख डॉलरच्या आसपास उभे केले, त्यात आजींचा पण डबा होता. आण्णांना हे कसं कळलं असेल? आजींनी चहाचा डबा वाजवून दाखवला म्हणे, आणि मैदानाकडे बोट केलं. आण्णा म्हणाले, "आपल्या पेठंतल्यागत हाय गं सगळं. तालीम म्हंजे आपलं घर."

आणि बॉब मर्फीचं पण त्यांना कळलं. टीमचा कॅप्टन, २०१६ च्या एप्रिलमधे गुडघा गेला, फायनल खेळता आली नाही. कप जिंकल्यावर कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला स्टेजवर बोलावून स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. हे मी व्हिडिओवर दाखवलं तेव्हा आण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "वस्ताद म्हंजे त्यो." मला स्वतःला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत मी कुठल्याही खेळात ह्याच्याएवढं मोठं काही बघितलेलं नाही.

तर त्या पोराकडे येऊ. हॅमस्ट्रिंगचं कसं असतं, आधी सरळ रेषेत हळू पळायचं, मग जोरात, मग वळणं, मग बॉलला लाथा मारणं, आणि सगळ्यात शेवटी धक्काबुक्की. पायऱ्या असतात. आजी त्याच्या फेऱ्या मोजायच्या, आण्णा त्याचं थांबणं बघायचे. पाच पावलं, मग चार, मग तीन. आण्णा रोज घरी येऊन मला आकडा सांगायचे, आम्ही जेवायला बसलो की पहिली बातमी ती.

आणि आण्णांचं परतीचं तिकीट होतं शनिवारचं. तोवर पोरगा तीन पावलांवर आलेला, पण मेन ग्रुपमधे नाही. एअरपोर्टवर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, सोमवारी बघून सांगा." नातवंडांची आठवण येईल वगैरे सगळं नंतर, आधी हे.

सोमवारी मी हाफ डे टाकला. साडेनऊला कुंपणाशी. आजी होत्याच, शेजारी एक रिकामी खुर्ची मांडून ठेवलेली, त्यांनी आण्णांसाठी दुसरी विकत आणली होती, आणि आण्णा गेले हे त्यांना नीट कळलंच नव्हतं. मला काय बोलावं सुचेना. मी सरळ फोन लावला, व्हिडिओ कॉल. कोल्हापुरात पहाटेचे चार. पहिल्या रिंगला उचलला. स्वयंपाकघरात अंधार, मागे गॅसवर चहाचं पातेलं, आणि आण्णा टोपी घालून बसलेले, मॅचला बसल्यासारखे.

आणि पोरगा मेन ग्रुपमधे होता. दोन टीम पाडून खेळवत होते, मॅच सिम म्हणतात त्याला. मी फोन कुंपणावरून आत धरला. बॉल आमच्याच बाजूला आला, उंच, आणि तो पोरगा दोघांच्या मधून उडाला, मार्क घेतला, म्हंजे बॉल वरच्या वर झेलला, खाली आला, थांबला.

फोनमधून आण्णांचा आवाज, "दोन!"

आजींना मराठी कळत नाही. पण त्यांनी दोन बोटं वर केली. मग वही माझ्याकडे दिली, त्या दिवसाच्या पानावर मेन ग्रुपमधे त्या पोराचं नाव होतं, आणि बाजूची समास सोडलेली जागा दाखवून म्हणाल्या, तुमच्या लिपीत लिही. मी लिहिलं, वस्ताद. इकडे आण्णा फोनमधे ओरडतायत की आजींना म्हणावं खुर्ची घडी करून ठेवा, पुढच्या वर्षी येतोय.

आणि आले. २०१८ ला. खुर्ची होती.

अगं बाई, घड्याळ बघते तर वेळ संपत आलीय, आणि मला दोन किलोमीटरच्या टाइम ट्रायलबद्दल सांगायचं होतं, खेळाडूंच्या पाठीवर खांद्यांच्या मधे ती जीपीएसची डबी असते तिच्याबद्दल सांगायचं होतं, ती बनवणारी कॅटापल्ट कंपनी आपल्या मेलबर्नचीच आहे. राहिलं, पुढच्या वेळी. आत्ता पटकन एवढंच लिहून घ्या. पश्चिमेकडे राहत असाल तर व्हिटन ओव्हल. सिटीजवळ असाल तर गॉश पॅडक, तिथे तर कुंपणाचा पण प्रश्न नाही, सार्वजनिक बागच आहे ती. उत्तरेला कार्लटनचं प्रिन्सेस पार्क. ओपन आहे का ते आधी बघा, परत सांगते, आधी बघा. सकाळी लवकर जा. टोपी, सनस्क्रीन, पाणी. घडीची खुर्ची असेल तर न्या, दोन असतील तर दोन न्या. आणि सगळे बॉलकडे बघत असतात, तुम्ही बाउंड्रीच्या कडेने एकटा पळणारा कोण आहे ते बघा, तो थांबतो कसा ते बघा.

चला, गाणं तयार आहे, लावतायत. पुढच्या रविवारी भेटू.